परदेशी जाणाऱ्यांचे प्रश्न: आधी कागद, मग तिकीट

प्रश्न – माझा लहान भाऊ आठवी शिकलेला आहे, वेल्डिंगचं काम चांगलं करतो. ओळखीच्या एका माणसाने दुबईचं काम आणलं आहे. "आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे पोचल्यावर कंपनी कामाचा व्हिसा करून देते," असं तो म्हणतो आणि दीड लाख मागतो. सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले आहेत. द्यावेत का?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर – देऊ नका. आधी भावाचा पासपोर्ट उघडून पाहा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असा शेरा असतो. यालाच सगळे ईसीआर पासपोर्ट म्हणतात. असा पासपोर्ट असलेल्याला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचं असेल तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे निघण्याआधी सरकारी मंजुरी लागते. आखातातले सौदी, यूएई (दुबई, अबुधाबी ज्यात येतात तो देश), कतार, कुवेत, ओमान आणि बहारीन हे सहाही देश त्यात आहेत. मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, इराक, जॉर्डन, लेबनॉनही आहेत. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स म्हणतात. त्यांचं एक कार्यालय मुंबईत आहे, पण अर्ज ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरूनच जातो.

व्हिजिट व्हिसाची युक्ती निघाली ती ही मंजुरी चुकवण्यासाठी. फिरायला जाणाऱ्याला मंजुरी लागत नाही, म्हणून एजंट भावाला कागदावर पर्यटक करतो. पहिली अडचण आपल्याच विमानतळावर येते. ईसीआर पासपोर्ट, व्हिजिट व्हिसा, हातात वेल्डरची पिशवी, आणि परतीचं तिकीट किंवा राहण्याचा पत्ता विचारला तर उत्तर नाही. इमिग्रेशनचा अधिकारी अशा माणसाला परत पाठवतो. तिकिटाचे पैसे बुडतात, एजंट फोन उचलत नाही.

तिथून सुटून दुबईत पोचला तरी व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. व्हिसा कामाचा करून देणारे मालक असतातही, पण ते मालकाच्या मर्जीवर. मुदत उलटली की दिवसाला ५० दिरहॅम दंड चढतो आणि तो भावाच्या नावावर चढतो. सगळ्यात वाईट म्हणजे मालकाने पगार बुडवला तर आपल्या दूतावासाकडे दाखवायला करारच नसतो. दूतावासाने मालकाला कोणत्या कागदावर जाब विचारायचा?

सरळ रस्ता असा. ई-मायग्रेटवर नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटांची यादी आहे. एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा, यादीत शोधा, नोंदणी चालू आहे की रद्द झाली ते बघा. 'मी त्यांचा माणूस आहे' असं सांगणाऱ्या सब-एजंटाला कायद्यात जागाच नाही, मग तो नात्यातला असला तरी. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, तेही पावती देऊन. दीड लाखाचा आकडा ऐकला तिथेच उत्तर मिळालं. कामाचा करार भावाला समजेल अशा भाषेत वाचून घ्या. पगार किती, जेवण-राहणं कोणाकडे, ड्युटी किती तास, परतीचं तिकीट कोण देणार, हे त्यात आकड्यांत असायला हवं. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी निघते. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये, वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला हे मिळत नाही.

भाऊ तरुण असेल तर आणखी एक सांगणं. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. दहावीची गुणपत्रिका हातात आली की पासपोर्ट पुन्हा काढताना ईसीआरचा शेरा काढून टाकता येतो. एक वर्ष जाईल, पण त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत त्याला मंजुरीसाठी कोणाच्या मागे फिरावं लागणार नाही.

प्रश्न – माझ्या आईच्या पासपोर्टवर फक्त 'कमलाबाई' एवढंच नाव आहे, आडनावाचा रकाना रिकामा आहे. माझा भाऊ अबुधाबीत नोकरीला आहे, तो आईला दोन महिन्यांसाठी बोलावतो आहे. एजंट म्हणतो व्हिसा निघणार नाही. खरं आहे का?
– एक वाचक, ता. आमगाव, जि. गोंदिया

उत्तर – तो खरं बोलतोय. २१ नोव्हेंबर २०२२ पासून यूएई एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक किंवा व्हिजिट व्हिसाने प्रवेश देत नाही. पुढे यात थोडी सवलत आली, आतल्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर ते धरतात. पण विमान कंपनीच्या काउंटरवर वाद घालून वृद्ध आईला ताटकळत ठेवण्यापेक्षा पासपोर्टच नीट करून घेतलेला बरा.

यासाठी पासपोर्ट पुन्हा काढावा लागतो. ३६ पानांच्या साध्या अर्जाला १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. अर्जात 'दिलेलं नाव' आणि 'आडनाव' हे दोन रकाने वेगळे भरा. इथेच सगळा घोळ होतो. सेतू केंद्रातला किंवा नेट कॅफेतला मुलगा आधारवरचं पूर्ण नाव पहिल्याच रकान्यात टाइप करतो, कारण आधारवर रकाने नसतात. अर्ज सबमिट करण्याआधी स्क्रीनवर दोन्ही रकाने स्वतः वाचा.

त्याआधी आईचं आधार, पॅन आणि मतदार कार्ड शेजारी शेजारी ठेवून बघा. एकावर कमलाबाई, दुसऱ्यावर कमल, तिसऱ्यावर माहेरचं आडनाव, असं आपल्याकडे घरोघरी असतं. पासपोर्ट कार्यालयाला निदान दोन कागद अक्षर न् अक्षर सारखे लागतात. आधी आधार सुधारा, मग पासपोर्ट. सासरचं आडनाव लावायचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला कामी येतो, आणि खेड्यात ती नोंदणी ग्रामसेवकाकडे होते.

प्रश्न – आमच्या वॉर्डातले चाळीस-बेचाळीस उपासक-उपासिका बसने लुंबिनीला जाणार आहेत. बहुतेकांकडे पासपोर्ट नाही. आधार चालेल का?
– महिला मंडळ, हिंगणघाट

उत्तर – नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्टही लागतोच असं नाही. पण पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र सोबत हवं. १५ ते ६५ वयाच्या माणसाचं एकटं आधार कार्ड प्रवासाचा कागद म्हणून धरत नाहीत. त्याखालच्या मुलांना आणि त्यावरच्या ज्येष्ठांना आधार किंवा फोटो आणि वय दाखवणारा दुसरा कागद चालतो. १५ ते १८ मधल्या मुलांकडे मतदार कार्ड नसतं, त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचं ओळखीचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात घ्या. मोबाइलमधला फोटो नको, मूळ कार्ड हवं. सोनौलीच्या नाक्यावर बस नेपाळात न्यायची असेल तर गाडीसाठी तिथला भन्सार, म्हणजे नेपाळचा सीमाशुल्क, भरून परवाना घ्यावा लागतो. तो चालक-मालकाने काढायचा, पण गाडी ठरवतानाच हे त्याच्याकडून लिहून घ्या. नाही तर नाक्यावर उतरून पुढची गाडी शोधायची वेळ येते.

प्रश्न – आमच्या गावचा एक पोरगा सौदीत दम्मामला कामावर असताना वारला. मृतदेह गावात यायला दीड महिना लागला. एवढा उशीर का होतो, घरच्यांनी काय करायला हवं होतं? आणि आता ग्रामपंचायत मृत्यूचा दाखला देत नाही, म्हणून सातबाऱ्यावर वारस चढत नाहीत. बायको आणि दोन लहान लेकरं आहेत.
– पोलीस पाटील, ता. अचलपूर

उत्तर – पाटील, हा प्रश्न विचारलात हे बरं केलंत. आधी दाखल्याचं सांगतो, कारण ते आज करण्यासारखं आहे. मृत्यू ग्रामपंचायतीच्या हद्दीत झालेला नसल्यामुळे ग्रामसेवक तो नोंदवू शकत नाही. त्यांचा हट्ट नाही, कायदाच तसा आहे. परदेशात वारलेल्या भारतीय नागरिकाचा मृत्यू तिथल्या भारतीय दूतावासात नोंदवला जातो आणि त्याच नोंदीचा दाखला इथे चालतो. दम्माम रियाधच्या दूतावासाच्या हद्दीत येतं. पश्चिमेकडचा जेद्दा, मक्का, मदिना हा भाग जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाकडे आहे. सौदीतल्या मृत्यू दाखल्याची प्रत, रद्द केलेल्या पासपोर्टची प्रत आणि पत्नीची ओळखपत्रं जोडून दूतावासाकडे मृत्यू नोंदणीचा दाखला मागा. तो आला की तलाठ्याकडे वारस फेरफाराचा अर्ज द्यायचा. सोबत मूळ अरबी दाखल्याचं प्रमाणित भाषांतर ठेवलं की मंडळ अधिकाऱ्याकडे फाइल अडत नाही.

आता उशिराबद्दल. मृतदेह निघण्याआधी तिथे एकामागून एक कागद तयार व्हावे लागतात. रुग्णालयाचा अहवाल, पोलिसांचा अहवाल, नागरी नोंदणी कार्यालयाचा मृत्यू दाखला, दूतावासाचं ना-हरकत पत्र, देश सोडण्याची परवानगी, मग शव टिकवण्याची प्रक्रिया, म्हणजे एम्बामिंग, आणि शेवटी विमानाच्या मालवाहतुकीत जागा. आधीचा कागद झाल्याशिवाय पुढचा होत नाही. नैसर्गिक मृत्यू असेल तर हे त्यामानाने लवकर उरकतं. अपघात, आत्महत्या किंवा मारहाणीचा संशय असेल तर पोलीस तपास आणि कधी शवविच्छेदन होईपर्यंत काहीच हलत नाही. हा वेळ कोणालाही कमी करता येत नाही.

मात्र बराच वेळ आपल्या बाजूने वाया जातो. घरच्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र वेळेवर पोचत नाही, हे त्यातलं पहिलं कारण. मृतदेह भारतात आणायचा की तिथेच दफन करायचा, आणि कंपनीतल्या कोणत्या माणसाला कागद हाताळायचा अधिकार द्यायचा, हे त्यात लिहावं लागतं. कायद्याने पत्नीची सही पहिली. दीर एक सांगतो, सासरे दुसरं, असं झालं की दूतावास थांबतो. सौदीत दहनाची सोय नाही, म्हणून हिंदू किंवा बौद्ध घरातल्यांना शव आणण्याचाच निर्णय करावा लागतो. तो पहिल्या दिवशीच करा. दूतावासाच्या संकेतस्थळावरचा नमुना घ्या, तालुक्याला नोटरीकडून करून घ्या आणि स्कॅन करून त्याच दिवशी पाठवा.

दुसरं म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवणं. ते २०१५ पासून चालू आहे. नोंदवल्यावर एक क्रमांक मिळतो आणि पुढे खासदार, जिल्हाधिकारी, कोणाकडेही गेलात तरी तोच क्रमांक सांगायचा. पासपोर्ट क्रमांक, इकामा (सौदीचा रहिवासी परवाना) क्रमांक, कंपनीचं नाव, मालकाचा फोन, रुग्णालयाचं नाव, एवढी माहिती एका कागदावर तयार ठेवा. ती नसली तर दूतावासाचा पहिला आठवडा माणूस शोधण्यातच जातो. परदेशी असलेल्या प्रत्येकाच्या घरी पासपोर्ट, व्हिसा, इकामा आणि करार यांच्या प्रती ठेवलेल्या असाव्यात, पाटील म्हणून हे तुम्ही गावात सांगू शकता. १८०० ११ ३०९० हा प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांकही सांगून ठेवा.

विमानतळावर मृतदेह प्रवाशांच्या दाराने येत नाही, कार्गो टर्मिनलला येतो. तिथल्या आरोग्य अधिकाऱ्याला चार कागद लागतात: मृत्यू दाखला, एम्बामिंगचं प्रमाणपत्र, दूतावासाचं ना-हरकत पत्र आणि रद्द पासपोर्टची प्रत. ऑगस्ट २०२३ पासून ही मंजुरी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या ई-केअर पोर्टलवरून आधीच घेता येते, त्यामुळे कार्गोच्या दारात ताटकळण्याचा वेळ वाचतो. घ्यायला जाणाऱ्याने एअरवे बिलाचा, म्हणजे विमानाच्या मालवाहतूक पावतीचा, क्रमांक आणि स्वतःचं ओळखपत्र न्यावं. कोणत्या विमानतळावर उतरवायचं ते संमतिपत्रातच लिहा. अचलपूरला नागपूर सोयीचं, पण तिथे आखातातून येणारी विमानं मोजकी आहेत. मुंबईला लवकर जागा मिळत असेल तर तिथून रुग्णवाहिकेचा खर्च धरून घरच्यांनी ठरवावं. गडचिरोली, चंद्रपूरच्या दक्षिण भागाने हैदराबादचाही विचार करावा.

खर्चाची पहिली जबाबदारी मालकाची. तो नाहीच म्हणाला आणि घरची परिस्थिती नसली तर दूतावासाकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून शव आणण्याचा खर्च मिळू शकतो. तो आपोआप मिळत नाही, लेखी मागावा लागतो. राहिलेला पगार, सेवा समाप्तीची रक्कम आणि कामावरचा अपघात असेल तर भरपाई, या तिन्हींचा हिशेब दूतावासामार्फत मागा. कंपनीच्या माणसाने घाईत 'सर्व हिशेब मिळाला' अशा कागदावर सही मागितली तर वहिनींना ती करू देऊ नका. पैसे यायच्या वेळी वारस प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात ते दिवाणी न्यायालयातून निघतं आणि त्याला वेळ लागतो. तहसीलच्या दाखल्यावर भागतं का, हे दूतावासाला आधी लेखी विचारून घ्या. तो पोरगा ईसीआर मंजुरीवर गेला होता का, तेही बघा. गेला असेल तर वर सांगितलेली १० लाखांची विमा पॉलिसी त्याच्या नावावर निघालेली असते, आणि मृत्यू अपघाती असेल तर तिचा दावा करता येतो. घरच्यांना ती पॉलिसी असल्याचंच बहुतेकदा माहीत नसतं.

प्रश्न – मी बी.कॉम. आहे. टेलिग्रामवरून थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी मिळते आहे. पगार महिना ७० हजार, विमानाचं तिकीट ते देतात, मुलाखत दहा मिनिटांत झाली. आई घाबरते आहे.
– एक वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर – आईचं ऐका. डेटा एंट्रीसाठी कोणी अकोला जिल्ह्यातल्या माणसाला विमानाचं तिकीट काढून बँकॉकला नेत नाही. हाच मजकूर दाखवून अनेक भारतीय तरुणांना बँकॉकला उतरवलं, तिथून गाडीने माए सोतला आणि सीमा ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाड्डी भागातल्या कंपाउंडांत नेलं. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीचं काम मारून-मुटकून करून घेतात. मार्च २०२५ मध्ये अशा शेकडो भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून परत आणावं लागलं. लाओस आणि कंबोडियातही असे अड्डे आहेत, परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत.

तुमच्यासारख्या पदवीधराला धोका जास्त आहे. तुमच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा नाही, म्हणून विमानतळावर तुमची नोकरी खरी की खोटी हे कोणी तपासणार नाही. थायलंडमध्ये नोकरी करायला नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, ते पर्यटक म्हणून गेलेल्याला नसतं. 'व्हिसा नंतर बघू' हे शब्द आले की बोलणं थांबवा. कंपनी खरी वाटत असेल तर ऑफर लेटर बँकॉकच्या भारतीय दूतावासाला ई-मेलने पाठवून विचारा. आणि ते विचारताय हे कंपनीला सांगा, तिचं पुढचं वागणं बघून तुम्हाला कळेल.

प्रश्न – मुलगी अमेरिकेत आहे. आम्ही दोघं शेतकरी, इंग्रजी येत नाही. व्हिसाच्या मुलाखतीचं दडपण आलं आहे.
– एक दांपत्य, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर – मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात मुलाखत मराठीतून देता येते, अर्ज भरताना भाषा निवडा. फी प्रत्येकी १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. बोटांचे ठसे आणि फोटो एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी, तेव्हा विदर्भ एक्स्प्रेसचं परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. दूतावासात मोबाइल नेऊ देत नाहीत.

खरी परीक्षा डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्मची असते. तो मुलीने तिकडे बसून भरला तरी छापील प्रत मागवून एकेक उत्तर मराठीत समजून घ्या. अधिकाऱ्यासमोर तोच फॉर्म उघडा असतो. फॉर्मात मुक्काम तीन महिने आणि तोंडी सहा महिने, असं झालं की संशय येतो. सातबारा, बँकेचं पासबुक सोबत असू द्या, पण बऱ्याचदा ते बघतच नाहीत, बोलण्यावरच ठरवतात. मुलगी काय करते, कुठे राहते, किती दिवस राहणार, परत कशासाठी येणार, याची उत्तरं खरी आणि थोडक्यात द्या. 'खरीप पेरायला परत यायचंय' हे तुमच्याकडचं खरं कारण आहे, ते तसंच सांगा. मुलीकडे बाळंतपणाला जात असाल तर तेही लपवू नका. मात्र नातवंड सांभाळायला नोकरीसारखं राहणार आहोत असा अर्थ निघेल असं बोलू नका, त्या व्हिसावर ते चालत नाही.

प्रश्न – कुवेतमध्ये माझा पासपोर्ट कफीलने (मालकाने) ठेवून घेतलाय. मला घरी यायचं आहे. (व्हॉट्सअ‍ॅपवरून, मूळ गाव ता. पुसद)

उत्तर – भाऊ, पासपोर्ट भारत सरकारचा आहे, मालकाला तो अडकवून ठेवता येत नाही. दूतावासाच्या कामगार विभागात लेखी तक्रार द्या, सोबत सिव्हिल आयडी (कुवेतचं ओळखपत्र) आणि कराराची प्रत. दूतावास आधी कफीलला बोलावून पासपोर्ट परत मागतो. मिळालाच नाही किंवा हरवला असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो. तो फक्त एकदा भारतात येण्यासाठीचा कागद आहे. पण त्याने कुवेत सोडायची परवानगी मिळत नाही, ती तिथल्या सरकारकडून वेगळी लागते. तोपर्यंत कामावरून न सांगता निघून जाऊ नका. कफीलने फरार झाल्याची तक्रार दिली तर परवानगीचं काम महिनोन्महिने लांबतं. घरच्यांनी इकडून मददवर तक्रार नोंदवावी, म्हणजे दूतावासात तुमच्या नावाची फाइल दोन्ही बाजूंनी उघडली जाईल. गावी आल्यावर नवा पासपोर्ट काढताना ते इमर्जन्सी सर्टिफिकेट आणि दूतावासाशी झालेला पत्रव्यवहार जोडावा लागतो, तो जपून ठेवा.